घाम वाळू दे, मग पाणी

दादा, गुहागरच्या एसटी स्टँडवर आप्पांनी मला निरोप दिला तेव्हा तू तिकिटाच्या खिडकीशी होतास, म्हणून हे तुला ठाऊक नसेल. नुकतंच लग्न झालेलं, ह्यांची बँकेतली बदली बनारसला. आप्पांनी आमसुलांची पुडी माझ्या पिशवीत कोंबली आणि डोळ्यांत पाणी यायच्या आत दटावलं, "तिकडं ऊन फार. बाहेरून आलीस की घटाघटा पाणी पिऊ नको. आधी घाम वाळू दे."

लहानपणापासून आपण हेच ऐकत आलो. वाडीतून आलो की ओटीवर बसायचं, घाम टिपायचा, मग तांब्या. आपल्याकडं घाम चिकचिकतच राहतो, लपत नाही, म्हणून आप्पांचं शास्त्र चालून गेलं.

इथं उन्हाळ्यात लू वाहते, तापलेला कोरडा वारा, भट्टीचं दार उघडल्यासारखा. घाम दिसायच्या आत उडून जातो. पहिल्या वर्षी मला ही हवा चक्क आवडली होती, अंग कसं कोरडं! आता डोक्याला गमछा, पर्समध्ये मीठ-साखरेचं पाणी, दुपारी दारं-खिडक्या बंद आणि कैरीचं पन्हं, ज्याला माझी लेक 'पना' म्हणते. बनारसी झाले म्हण ना.

आप्पा-आई आले ते ऐन ज्येष्ठात. काशीला जायचं तर आजोबांचं श्राद्ध करायचं, आणि ते होईस्तोवर पाण्याचा थेंब नाही, हा आप्पांचा हट्ट. मी घरी वडे-खिरीच्या नादात होते. रामघाटावर काय झालं ते मला आपल्या मराठी उपाध्यांनी नंतर सांगितलं. भर दुपारपर्यंत आप्पा उघड्या अंगानं पायऱ्यांवर बसले होते. शेवटचा पिंड झाला, आईनं तांब्या पुढं केला. आप्पा म्हणाले, "थांब, घाम वाळू दे." मग छातीवरून हात फिरवला आणि खूश झाले. "अगं, वाळलाच की! काय हवा आहे इथली!" तांब्या हातात घ्यायच्या आत ते काहीबाही बरळायला लागले, पाय लटपटले आणि तिथंच आडवे झाले.

या गावात म्हातारा माणूस घाटावर आडवा झाला की लोक हात जोडतात. काशीला मरायलाच आला असणार, असं धरून चालतात. कुणी तुळशीचं पान आणलं, कुणी रामनाम सुरू केलं. आईनं पळीभर गंगाजल तोंडात घातलं, शुद्ध हरपलेल्या माणसाच्या! सावलीत न्यायचं होतं, ओलं धोतर गुंडाळून वारा घालायचा होता, ॲम्ब्युलन्स येईपर्यंत घागरीमागून घागर ओतायची होती. गंगा पायऱ्यांखालीच होती. इस्पितळात डॉक्टरांनी आप्पांच्या अंगाला हात लावला आणि बँकेतून धावत आलेल्या ह्यांना विचारलं, "इन पर पानी क्यों नहीं डाला?"

नंतर गुहागरात गावभर एकच, काशीत मरण आलं, भाग्यवान! तूही म्हणालास, दादा. मला ते आठवलं की अजून संताप येतो. आप्पांना मोक्ष नाही, ऊन लागलं होतं. आईला मात्र मी हे कधी बोलले नाही. तिला तेवढाच आधार होता.

अजूनही उन्हाळ्यात घाटावरून जाताना मी यात्रेकरूंची कपाळं बघते. घाम दिसला की जीव भांड्यात पडतो. आणि कुणी नसलेल्या पायरीवर आप्पा दिसतात, घाम वाळायची वाट बघत बसलेले. मला भीती वाटते त्यांची. आपल्याच बापाची भीती वाटावी, याचं रडू येतं.

आई तिथीला इथं यायचं म्हणतेय, तू तिला अडव म्हणतोस. काल सकाळी मी भांडायच्या तयारीनंच तिला फोन केला. "आई, दिवाळीनंतर ये, ऊन मारतं गं इथलं." ती म्हणाली, "त्यांच्या कपाळाला हात लावला होता मी. चटका बसला. तोंडात पळी घातली, अंगावर काही घातलं नाही. एवढी गंगा समोर." आणि पुढं म्हणाली, "मला त्या पायरीवर एक घागर ओतायचीय. त्याच दिवशी."

इतकी वर्षं तिलाही ठाऊक होतं.

माहेर कुठलं विचारलं की मी गुहागर सांगते, पण हल्ली आधी ती पायरीच आठवते. दादा, तिला गाडीत बसवून दे. उजाडताच आम्ही दोघी घाटावर जाऊ, ऊन चढायच्या आत परतू. तिचं डोकं मी ओल्या गमछ्यानं गुंडाळीन. आणि घागर ओतून झाली की तिथंच, घाम वाळो न वाळो, तिला आधी पाणी पाजीन.