चेहरा आण्णाचा, आवाज दुसऱ्याचा

आण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंगणात ज्वारी पाखडत होते. फोन त्याच्या मुलाचा, मुंबईहून. ‘आत्या, बाबा गेले,’ एवढंच तो बोलला. शेजारची कुसुमवहिनी कुंपणापाशीच उभी होती. तिला म्हटलं, ‘वैनी, आण्णा गेला.’ तिनं तोंडावर हात ठेवला. ‘आगं बया! आता कुठल्या सिरियलमदी?’ तिचं तरी काय चुकलं... माझा भाऊ हरिदास गेली कित्येक वर्षं टीव्हीवर सारखा मरतच आला होता. कधी नायिकेचा बाप, कधी सरपंच, कधी थोरला काका. तो मेला की मालिकेला वळण मिळायचं आणि आमच्या गल्लीतल्या बायका मला येऊन सांगायच्या, ‘लई वाईट झालं बगा.’ मी जागची हलले नाही, तेव्हा कुठं वहिनीला कळलं. तिनं माझ्या हातातलं सूप काढून घेतलं.

आम्ही धाराशिवकडच्या येरमाळ्याचे. वडील मेंढरं राखायचे, वर्षातले कितीतरी महिने रानोमाळ. आण्णा माझ्याहून मोठा आणि बोलण्यात वस्ताद. शाळेतल्या गुरुजींपासून एसटीच्या कंडक्टरपर्यंत कुणाचीही नक्कल हुबेहूब करायचा, आणि आईशी भांडायला लागला की शेजारपाजारचे हातातलं काम टाकून ऐकायचे. आईही काही कमी नव्हती. दोघांचं ते भांडण म्हणजे घरातलं फुकटचं नाटकच. पुढं मी नर्सिंग करून आरोग्यसेविका झाले, गावातच राहिले, आणि तो नाटकाच्या नादानं आधी पुण्याला आणि मग मुंबईला गेला. वडिलांनी अडवलं नाही. मेंढरं सांभाळायला धाकटा होताच.

पहिलं टीव्हीचं काम मिळालं, त्याची हकीकत त्यानं दिवाळीला आल्यावर सांगितली. काम एका गावकऱ्याचं. दिग्दर्शक म्हणाला, गावाकडचं बोला. ‘म्या आपलं बोललो गं शकू, “कवा आलाव? बसा की, च्या ठिवलाय.” त्यो हसायलाच लागला. म्हनला, ही कुठली भाषा? अस्सल गावरान बोला.’ अस्सल गावरान म्हणजे कोल्हापूरकडचं. माझा त्या बोलीवर राग नाही, माझी धाकटी जाऊ तिकडचीच आहे आणि तिचं बोलणं कानाला गोड लागतं. पण टीव्हीवाल्यांच्या लेखी महाराष्ट्रातलं खेडं बालाघाटाच्या डोंगराअलीकडं येतच नाही, त्याला काय करावं? आण्णा तेव्हा एका कोल्हापूरच्या मुलाबरोबर खोलीत राहायचा. त्याच्याकडून आण्णानं ती बोली उचलली, आणि इतकी पक्की उचलली की पुढं कोल्हापूरची माणसं त्याला ‘कुठल्या गल्लीतले तुमी?’ असं विचारायची. हे तो अभिमानानं सांगायचा. मलाही तेव्हा अभिमानच वाटायचा.

कामं मिळत गेली. मोठं नाव झालं नाही, पण चेहरा सगळ्यांच्या ओळखीचा झाला. घरी यायचा तेव्हा मात्र त्याच्या तोंडून ते टीव्हीवरचं ‘व्हय न्हवं’, ‘काय म्हंतासा’ निघायला लागलं. पहिल्यांदा आम्ही हसलो. आई हसली नाही. एकदा तो उंबऱ्यातून आत आला, ‘काय आई, बरी हाईस न्हवं?’ म्हणाला, तशी आईनं चुलीपुढून मान वर करून त्याला अहोजाहो केलं, ‘या पावणं. कवा आलाव? टीव्हीतनं थेट इकडंच का?’ चेष्टाच होती. पण आण्णाचा चेहरा पडला. त्या मुक्कामात तो फार कमी बोलला. आई त्यानंतर फार दिवस राहिली नाही, आणि त्याच्याशी घरात भांडणारं कुणी उरलं नाही.

मग तो सिनेमा आला. तुळजापूरकडचाच एक तरुण दिग्दर्शक, जळकोटच्या बाजूच्या माळावर चित्रीकरण, आणि आण्णाला काम म्हाताऱ्या मेंढपाळाचं. मुख्य काम! अख्खा सिनेमा त्याच्या खांद्यावर, आणि अट एकच, बोलायचं ते इथलं. आण्णा फोनवर लहान पोरासारखा ओरडला, ‘शकू, म्या आता आपलं बोलनार बग!’ सरावासाठी तो आधीच माझ्याकडं येऊन राहिला. दोनच दिवसांत माझ्या लक्षात आलं की याला ते जमत नाहीये. शब्द आठवायचे, हेल हरवला होता. ‘आलाव’ म्हणायचा आणि पुढचं वाक्य पंचगंगेच्या काठावर जाऊन पोचायचं. मग म्हणाला, लोकांत बसतो, कानावर पडलं की येईल. रोज सकाळी हायवेवरच्या चहाच्या हॉटेलात जाऊन बसायचा. पण लोक त्याला लगेच ओळखायचे, आणि ओळखलं की त्याच्याशी त्याच्याच सिरियलमधलं बोलायला लागायचे. ‘काय सरपंच, बरं हाय न्हवं?’ येरमाळ्याची माणसं येरमाळ्याच्या माणसाशी कोल्हापुरी बोलत होती! डोक्याला आणि तोंडाला टॉवेल गुंडाळून बसून पाहिलं, तर कुणीतरी टॉवेलासकट फोटो काढला. संध्याकाळी माझ्यासमोर बसून मी बोलेन ते वाक्य तो परत म्हणायचा, पुन्हा पुन्हा. ‘जीब वळंना गं,’ म्हणाला एकदा. मी म्हटलं, ‘आरं, आईसंगं भांडायचास तसं बोल की.’ तर म्हणाला, ‘भांडायला आई पायजे की...’

एक दिवस मी चित्रीकरण बघायला गेले. माळावर ऊन मी म्हणत होतं. आण्णा घोंगडं खांद्यावर टाकून उभा राहिला, हुबेहूब आमचे वडील. तो चालला, बसला, काठी टेकवली, सगळं आमच्या घरातलं. आणि मग तोंड उघडलं. दिग्दर्शकानं चार वेळा करून घेतलं, पाचव्यांदा त्याला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, ‘काका, चेहरा एक नंबर आहे. आवाजाचं नंतर बघू.’ आण्णानं मान हलवली. एवढ्या वर्षांत त्याला अशा वाक्यांचा अर्थ चांगला कळत होता.

पुढं आण्णाच्या आवाजाच्या जागी दुसऱ्याचा आवाज घातला. तुळजापूरकडचाच एक नाटकात काम करणारा मुलगा. आण्णानं मला फोनवर सांगितलं ते हवापाण्याचं सांगावं तसं. मी भडकले. ‘त्या दिग्दर्शकाचा नंबर दे मला!’ म्हटलं. तर म्हणाला, ‘न्हाय शकू. त्यो बरूबर हाय. पोरगं लई ग्वाड बोललंय. म्या बोलायला पायजे हुतं तसं बोललंय.’ आणि ही एवढी चार वाक्यं तो अगदी आपल्या हेलात बोलून गेला, त्याच्या ध्यानातही आलं नाही. मी इकडं फोन धरून रडत होते, हे त्याला कळू दिलं नाही.

सिनेमा धाराशिवला लागला तेव्हा गर्दी झाली. ‘आपली बोली पडद्यावर आणली तुमच्या भावानं,’ असं जो तो मला म्हणायचा. त्याचा सत्कार झाला. व्यासपीठावरच्या प्रत्येक वक्त्यानं त्याच्या भाषेचंच कौतुक केलं, एकानं तर मातीचा वास वगैरे आणला. आण्णाची बोलायची पाळी आली तेव्हा तो माईकपाशी उभा राहिला, हात जोडले, आणि एक शब्द न बोलता परत येऊन बसला. लोकांना वाटलं, केवढा हा विनय! टाळ्या थांबेनात. मी पहिल्या रांगेत होते. इतका एकटा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

त्याला पुन्हा तसं काम मिळालं नाही. परत सरपंच, परत काका. ‘एक डाव अजून मिळायला पायजे हुतं,’ एवढंच कधीतरी म्हणायचा, आणि विषय बदलायचा. नाही मिळालं ते. मला याचंच वाईट वाटतं, आणि वाटत राहणार.

तो गेल्यावर एका वाहिनीनं तो सिनेमा दाखवला. गल्लीतल्या बायका माझ्या घरी जमल्या. म्हातारा मेंढपाळ पहिलं वाक्य बोलला आणि कुसुमवहिनीनं पदर डोळ्यांना लावला. ‘कसा बोलायलाय बगा, जनू हितंच बसलाय!’ हा आवाज आण्णाचा नाही, हे कशाला बोलायचं... त्या मुलाच्या आवाजावर सगळ्या माझ्या भावासाठी रडत होत्या. मी मात्र उत्तरार्धातल्या एका प्रसंगाची वाट बघत होते. एक मेंढी चुकते, म्हातारा टेकाडावर चढतो आणि तिला हाक घालतो. आधी जिभेचा टक्क असा आवाज, मग घशातून लांबलचक, मोडत मोडत खाली येणारी हाक. आमच्या वडिलांची. त्या मुलाला स्टुडिओत ही हाक काही केल्या साधली नाही, म्हणून माळावरची आण्णाची हाक तशीच ठेवली, हे आण्णानंच मला सांगितलं होतं. तिच्यात शब्द एकही नाही. अख्ख्या सिनेमात तेवढाच माझा भाऊ आहे.

प्रसंग आला तशी मी रिमोट घेऊन आवाज वाढवला. भांडी थरथरली. ‘आगं शकू, कान फुटायलेत की, कमी कर,’ वहिनी ओरडली. मी नाही केला.