घारबाई खुर्चीवरून उठल्या

औषधाच्या बाटल्यांच्या कारखान्यात त्यांना सगळे घारबाई म्हणत. पट्ट्यावरून रिकाम्या बाटल्या सरकत, मागून पांढरा दिवा असे, आणि त्या उजेडात केसाएवढी चीर दिसली की घारबाई बाटली उचलून पेटीत टाकत. चीर सुटली तर काच कुणाच्या तरी पोटात जायची. म्हणून तपासणीच्या खुर्चीवर थोड्या थोड्या वेळाने माणूस बदलायचा नियम होता. बाकीच्या बायका पाळी संपली की निवांत उठत. घारबाई कसल्या उठतायत! "डोळ्यांना कसली आलीय सुट्टी?" असं म्हणून दुसरीची पाळीही स्वतःच ओढत. कामचुकारपणाची त्यांना भारी चीड.

आणि नेमक्या त्यांच्याच हातून चिरलेल्या बाटल्या सुटायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, डोळे ठणठणीत आहेत. सुपरवायझर म्हणाला, "बाई, वय झालं. पुढच्या आठवड्यापासून पॅकिंगला बसा." उभं आयुष्य नजरेवर काढलेल्या बाईने खोके चिकटवायचे! घारबाईंच्या पायाखालची जमीनच सरकली. त्या आणखी डोळे फाडून बघू लागल्या, तर आणखीच बाटल्या सुटल्या.

त्यांची सून मेंदूच्या लहरी मोजणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. "आई, एकदा आमच्याकडे येऊन बसा," ती म्हणाली.

"मला काय वेड लागलंय?"

"वेड मोजायचं यंत्र असतं, तर या घरात येण्याआधी मीच नसते का बसले?"

हसू दाबत घारबाई गेल्या. डोक्यावर तारांची टोपी, समोर काळा पडदा. त्यावर अधूनमधून अंधुक ठिपका उमटे. दिसला की बटण दाबायचं. आधी बटण पटापट वाजलं, मग वाजेनासं झालं.

"ठिपके कमी केलेस का गं?"

"नाही हो, तेवढेच आहेत." सुनेने लहरींचा आलेख दाखवला. "मेंदूचं बघणं एकसारखं नसतं, आई. ते लाटांवर चालतं. मन ताजं असलं की ही लाट लहान राहते. एकाच गोष्टीकडे टक लावून बसलं की ही बघा, केवढी फुगली. मग डोळे उघडे असले तरी बारीकसं काही दिसत नाही. तरुण पोरींचंही असंच होतं."

घारबाई चिडल्या, त्या स्वतःवरच. ज्याचा तोरा मिरवला, तेच अंगाशी आलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सुपरवायझरला सांगितलं, "चिरलेल्या बाटल्या मुद्दाम मिसळ. एक जरी सुटली तरी खोके चिकटवीन."

सगळा कारखाना भोवती जमला. बाटल्या सरकू लागल्या, पेटी भरू लागली, आणि पाळी संपायची वेळ होताच घारबाईंनी पट्टा थांबवला व त्या उठल्या.

"बाई, परीक्षा चालू आहे," सुपरवायझर म्हणाला.

"म्हणूनच उठते."

अंगणात जाऊन त्या दूरच्या छपरांकडे बघत बसल्या. आत कुजबुज सुरू झाली, कुणी म्हणालं, हातपाय गाळले बाईने. मग त्या आल्या, तोंडावर पाणी मारून बसल्या आणि राहिलेल्या बाटल्या तपासून मोकळ्या झाल्या.

सुपरवायझरने पेटी मोजली, परत मोजली. एकही सुटली नव्हती. बायकांनी टाळ्या वाजवल्या, आणि तोही ओशाळं हसला. "खुर्ची तुमचीच, बाई."

"आत्ता नाही. आता हिची पाळी," म्हणत घारबाईंनी शेजारणीला दंडाला धरून बसवलं आणि ताठ मानेने, पहिल्यांदाच, नियमाने मिळालेल्या सुट्टीवर गेल्या.