पट्टीखालचं काम

देवीवर माझी श्रद्धा लहानपणापासूनची. पण काम सोपवून स्वस्थ बसणं मला कधी जमलं नाही, देवीवर सोपवूनसुद्धा. शुगर असताना चैत्रात असोद्याहून अनवाणी सप्तशृंगीच्या गडावर गेले. तापलेल्या डांबराने उजव्या पायाच्या अंगठ्याखाली फोड आला, फुटला, आणि दोन महिने जखम भरेना. दर्शनाला जाऊन अंगठा गमावायची वेळ आली, तेव्हा देवीचा मला रागच आला होता.

जळगावच्या डॉक्टरांनी जखमेवर एक पातळ, जाळीदार पापुद्रा बसवला. म्हणाले, "पांढऱ्या पेशी जखमेत जमल्यात, पण नुसत्या भांडत बसल्यात. हा पापुद्रा त्यांना दुरुस्तीच्या कामाला लावतो. सात दिवस पट्टी सोडायची नाही." मी मान डोलावली आणि तिसऱ्या दिवशी पट्टी सोडली. शिजत्या भातावरचं झाकण दोनदा उचलणारी बाई मी. जखम धुतल्याशिवाय कशी राहणार? हळदीच्या पाण्याने चांगली चोळून धुतली. पापुद्रा मोरीत गेला. हे दारातून म्हणाले, "आता अंगठाही घास, चकचकीत होईल."

डॉक्टर रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. त्यांनी दुसरा पापुद्रा बसवला. "याने जमलं नाही, तर अंगठा काढावा लागेल."

बाहेर बाकावर येऊन बसले. शेजारी एक म्हातारे चाचा होते, त्यांच्या पायालाही पट्टी. "काय ताई, चेहरा का उतरला?" एवढंच विचारलं आणि मी अनोळखी माणसाला सगळं सांगून मोकळी झाले. ते खो खो हसले. "चाळीस वर्षं केळी पिकवतो मी. घड पिकायला लावून खोलीचं दार बंद केलं, की मालक आला तरी उघडत नाही. मधेच उघडलं, की वरून पिवळी, आतून कच्ची. बठ्ठं काम तुम्हीच करशाल का, ताई? थोडं त्याच्यावरबी सोडा." बोट वर करून ते लंगडत आत गेले.

ते सात दिवस मी कसे काढले, मलाच माहीत. पट्टीकडे हात गेला की देवीचं नाव घ्यायचं आणि हात मांडीखाली दाबायचा. पाचव्या दिवशी यांनी काळजीने विचारलं, "आज भातावरचं झाकणही उचललं नाहीस. बरं आहे ना?"

आठव्या दिवशी पट्टी निघाली. जखमेच्या तळाशी गुलाबी, दाणेदार नवं मांस आलं होतं. डॉक्टर म्हणाले, "लागल्या कामाला!" अजून दोन पापुद्रे लागले, पण अंगठा राहिला. चाचांसाठी मी भरीत-भाकरीचा डबा नेला. ते भेटले नाहीत. त्यांची जखम भरली, आता येत नाहीत, असं सिस्टर म्हणाली. डबा बाकावरच्या लोकांनी संपवला.

श्रेय पापुद्र्याचं की देवीचं, या वाटणीत मी पडत नाही. मला त्या बाकावर नेमकं कोणी बसवलं, एवढं मात्र मनात ठेवते. पूर्वी देवीला रोज विचारायचे, माझं मागणं कुठवर आलं? आता एकदाच मागते, हात जोडते आणि दार लावून घेते. आत तिचं काम चालू असतं.