शाळेच्या पुढे चालणारी हुहानामावशी

हुहानामावशी गेली आणि शाळेनं सगळं रीतसर केलं. गाडी ठरवली, पोरांना काळे कपडे घालून यायला सांगितलं, फुलं आणली, तिच्या आवडीचं गाणं घासूनपुसून बसवलं, भाषणासाठी विरेमूआजोबांना गाठलं. एवढं सगळं करून एक गोष्ट विसरले ते विसरलेच. आणि ती आठवली कुठे, तर थेट मराएच्या, म्हणजे गावच्या सभाघराच्या अंगणाच्या फाटकात, जिथे समोर ओसरीवर तिची उघडी शवपेटी ठेवलेली. आता या लोकांना काय म्हणावं ते तुम्हीच सांगा.

मावशी शाळेत नेमकं काय करायची हे मुख्याध्यापक फिंडले सरांनाही धड सांगता आलं नसतं. कागदावर ती शिक्षकांची मदतनीस. खरं म्हणजे ज्या पोराचं कुणाशीच जमत नाही, ते तिच्या शेजारी. न वाचणारं, न बोलणारं, चावणारं, चड्डी ओली करणारं. तिच्या कपाटात कोरड्या चड्ड्या असायच्या आणि लोणी लावलेला पाव असायचा. शाळेची गाडी तीच चालवायची, आणि मागे वळून वळून एवढी बडबडायची की पोरं जीव मुठीत धरून बसत. तोंड तर विचारूच नका. "अगं, डोकं काय नुसतं टोपी घालायला दिलंय का तुला?" असं नव्या बाईंना सगळ्यांदेखत सुनवायची, आणि दुपारी त्यांच्याच टेबलावर उकडलेल्या शिंपल्यांचा डबा आणून ठेवायची. रागावणार तरी कसं तिच्यावर?

अरिहिया तिच्याच हाताखालून गेलेली. आई वारली म्हणून सात वर्षांची पोर शहरातून आजीकडे आली, आणि शाळेच्या पहिल्याच दिवशी टेबलाखाली शिरली ती बाहेर येईना. बाईंनी समजावलं, सरांनी दटावलं. हुहानामावशी सरळ टेबलाखाली घुसली आणि शेजारी बसून पाव खायला लागली. अर्धा अरिहियाला दिला. मग स्वतःच अडकली. देह काही लहानसहान नव्हता.

"ओढ गं मला," ती म्हणाली, "नाहीतर शाळा सुटेल आणि आपण दोघी इथंच."

अरिहिया बाहेर आली आणि दोन्ही हातांनी तिला ओढू लागली. त्या दिवसापासून पोर शाळेत रुळली. आज ती त्याच शाळेत वर्गशिक्षिका आहे, आणि आपण कुणामुळे माणसांत आलो हे ती कुणालाही सांगते, न विचारता सांगते.

तर फाटकातलं सांगत होते. मराएवर कुणी असंच आत शिरत नाही. आतून घरची एक बाई लांब सुरात साद घालते, पाहुण्यांतल्या बाईनं तशाच सुरात उत्तर द्यायचं, तेव्हा कुठे पाऊल उचलायचं. शाळेच्या वतीनं हे उत्तर कायम हुहानामावशी द्यायची. शाळा कुठेही जावो, सगळ्यांच्या पुढे ती. ती जागा कधी रिकामी होईल असं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. आज सवयीनं सगळ्यांनी पुढे बघितलं, आणि पुढे कुणी नव्हतं.

"आपल्यातर्फे साद कोण देणार?" फिंडले सरांनी हळूच विचारलं.

सगळ्याजणी बुटांकडे बघू लागल्या.

"भाषण मी करीन," विरेमूआजोबा म्हणाले, "पण हे काम बायकांचं. गाडी भरून माणसं आणलीत आणि एक गळा नाही आणलात?"

तेवढ्यात गावातल्या मोठ्या शाळेची मंडळी येऊन पोचली. त्यांची साद देणारी बाई मायाळू होती. प्रकार लगेच ध्यानात आला तिच्या. "अहो, आमच्या मागून या ना. माझ्या सादेत तुम्हीही आलात."

यात लाज वाटण्यासारखं काही नाही, अशी पद्धतच आहे. फिंडले सरांचा जीव भांड्यात पडला. अरिहियाचा मात्र वर आला.

कारण तिला साद येत होती. कितीतरी वर्षं मावशीची शाल हातात धरून ती तिच्या कोपराशी चालली होती, शब्द न् शब्द पाठ होता. पण या कामात कुणी आपणहून पुढे होत नाही. मोठीनं "आता तू" म्हणायचं, मगच तोंड उघडायचं. मावशी ते कधी म्हणालीच नाही. अरिहियानं एकदा भीत भीत विषय काढला, तर "माझा गळा अजून बसला नाही, तू शाल धर" म्हणून गप्प केलं होतं. आपला आवाजच तिला पसंत नाही, असं अरिहियानं मनाशी धरलं होतं. आणि ते सलत होतं. आता बिनपरवानगी तोंड उघडावं, की मावशीची शाळा दुसऱ्याच्या मागून न्यावी?

"नको सर," ती म्हणाली. "त्यांना पुढे जाऊ द्या. मावशी कधी कुणाच्या मागून गेली नाही. आज तिच्याकडेच आपण कुणाच्या तरी मागून जायचं?"

मोठी शाळा आत गेली, बसली. मग ओसरीवरून म्हाताऱ्या माटेरोआची साद आली. "या, तिच्या लेकरांनो, या. तुमची वाट बघत ती पडली आहे."

अरिहियानं तोंड उघडलं. आवाज फुटेना. माटेरोआ थांबली. मग तिनं पुन्हा साद घातली, आधीपेक्षा सावकाश. पेटीशेजारी मावशीची थोरली बहीण रिपेका बसली होती, डोक्याला सुतकाचा हिरवा पाला बांधलेला. आल्यागेल्याकडे तिनं मान वर करून पाहिलं नव्हतं. तिनं आता फाटकाकडे पाहिलं.

आधी यजमानांना, मग पूर्वजांना आणि शेवटी समोर निजलेल्या माणसाला, असा सादेचा क्रम. अरिहियाच्या तोंडून पहिलं निघालं ते, "मावशी, ऊठ गं, तुझी शाळा आली." मध्येच आवाज चिरकला. पण बांध फुटला तो फुटलाच. यजमान, पूर्वज, सगळे आगेमागे का होईना, आले, आणि शाळेचे पाय उचलले गेले.

भाषणं झाली, गाणं झालं. मग तिथल्या रिवाजाप्रमाणे घरच्यांना नाकाला नाक लावून भेटत अरिहिया रिपेकापाशी पोचली आणि तिथंच खाली बसली.

"रिपेकामावशी, मी न विचारता साद दिली. क्रमही चुकला."

"चुकलाच. माटेरोआ आता महिनाभर गावभर सांगेल."

"मावशी रागावली असेल का गं? तिनं मला कधी 'आता तू' म्हटलं नाही. माझा आवाज तिला आवडायचा नाही."

रिपेका पेटीकडे वळली. "ऐकलंस बये? काय समजून बसलीय ही पोर." मग अरिहियाकडे बघून म्हणाली, "मीच हिला म्हणायची, त्या पोरीला पुढे कर, तुझ्यापेक्षा बरा गळा आहे तिचा. तर माझ्याशी बोलणं टाकायची."

"मग का नाही केलं?"

"तुला पुढे केलं असतं तर हिला मागे जावं लागलं असतं ना. पायांना सूज, बूट चढत नाहीत, तरी तुमच्या पुढे चालायला ही तयार. घरच्यांसाठी कधी एवढी नटून निघाली नाही. स्वार्थी होती मेली. दुसरं काहीही मागा, काढून द्यायची. तेवढं एक सोडून."

अरिहियाला हसू आलं आणि रडूही. तिनं मावशीचा गार हात दोन्ही हातांत घेतला. "बरं केलंस मावशी, नाही दिलंस ते," ती म्हणाली. "बाकी सगळं तर मलाच दिलंस."

मागे रांगेत पोरं खोळंबली होती. ती उठली आणि एकेकाला हाताला धरून मावशीजवळ आणू लागली.