सावलीची बाजू

"आई, केबिन डावीकडची घेऊ की उजवीकडची? पटकन सांग, दोनच उरल्यात."

लेक लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती. आम्ही दोघं अमेरिकेत एडिसनला तिच्याकडे आलो होतो आणि परत जाण्याआधी न्यूयॉर्क राज्यातल्या जुन्या कालव्यावर आम्हाला बोटीने फिरवायचं तिने मनावर घेतलं होतं. त्या कालव्याला जागोजागी दारं आहेत, लेक त्यांना लॉक म्हणते. बोट आत घ्यायची, दारं लावायची, पाणी भरायचं. अख्खी बोट माणसांसकट वर उचलली जाते. ह्यांनी ते मोबाइलवर बघितलं आणि धोशाच लावला, बोट चढताना आपल्या डोळ्यांनी बघायची. पण ह्यांचे गुडघे गेलेले. बोटीच्या गच्चीवर गर्दीत उभं राहणं जमायचं नाही. म्हणजे दिसेल ते खिडकीतून, आणि खिडकी निवडायची मी.

माझी शाळा सातवीतच सुटली. पण एसटीत कुठल्या बाजूला बसावं, हे कळायला शाळा लागत नाही.

"बोटीचं तोंड कुठे गं?"

"वेस्टला. पश्चिमेला."

म्हणजे दक्षिण डावीकडे, ऊनही डावीकडून. "मग उजवी घे. सावलीची."

"शुअर ना?"

"अगं, उन्हाच्या बाजूला कोण बसतं?"

कोण बसतं ते तिथल्या ऑक्टोबरच्या थंडीत बोटीवर चढल्यावर कळलं. सगळेच बसतात! डावीकडे आज्या-आजोबा कुरडयांसारखी तोंडं उन्हाला लावून बसलेले. आमच्या केबिनीत मात्र गारठा. हे दोन स्वेटर आणि कानटोपी चढवून पलंगावर बसले.

"जागा छान बघितलीस. भाजी चार दिवस टिकेल," म्हणाले.

मी हसले, पण ह्यांच्या पायांवर ब्लँकेट टाकलं. लेकीने एवढ्या हौसेने आणलं, आणि मी बापाला फ्रीजमध्ये बसवलं. गुडघे आखडले तर?

दुसऱ्या दिवशी सकाळी भोंग्यातून सांगितलं, पहिलं दार येतंय. मी धावत गच्चीवर गेले. अगदी पुढची, उन्हातली खुर्ची रिकामी होती. तिच्यावर ह्यांचा रुमाल टाकला आणि ह्यांना आणायला खाली आले. जिना उभा, शिडीसारखा. एकेक पायरी चढत आम्ही वर पोचलो, तर खुर्चीत एक आजी आणि रुमाल गायब! बोटीवर कामाला असलेल्या मुलीला वाटलं, कुणाचा तरी पडला. तिने तो नेऊन हरवलेल्या वस्तूंत ठेवला. आता रुमाल टाकला की जागा आपली, हे तिला कुठल्या इंग्रजीत सांगायचं? आजी उठायला लागल्या, पण ह्यांनीच हातानं बसा बसा केलं.

"चल खाली," मला म्हणाले. "आपली खिडकी आहे की."

खाली आलो आणि खिडकीत एकदम अंधार झाला. बोट दारांच्या आत शिरली होती आणि नेमकी आमच्याच बाजूच्या भिंतीला लागली होती. काचेपलीकडे काळी, ओली, शेवाळलेली भिंत. बाकी काही नाही. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. सातासमुद्रापार येऊन माणसाला मी भिंत दाखवली.

"अगं, इकडे बघ!"

भिंत खाली चालली होती. सावकाश, आवाज न करता. शेवाळ खाली गेलं, एका फटीत उगवलेलं इवलंसं रोप खाली गेलं, मग ओल संपून कोरडी भिंत लागली. वरून उजेड उतरायला लागला. काठ आला, गवत आलं आणि गवतावर दोन भलेमोठे बूट. बुटांचा मालक, म्हणजे दारांवरचा माणूस, वाकला आणि आत बघून हात हलवला. ह्यांनी कानटोपी काढून नमस्कार केला.

"चढलो की गं आपण! पलंगावर बसल्या बसल्या!"

थोड्या वेळाने लेक रुमाल घेऊन खाली आली. "बाबा, हा तुमचाच ना? वरून मला काहीच दिसलं नाही यार, नुसती लोकांची डोकी. पण पुढच्या लॉकला मी तुम्हाला उन्हातली चेअर मिळवून देते. प्रॉमिस."

"नको, नको," हे घाईघाईने म्हणाले. "तिथे भिंत कुठे दिसते?"

मग ब्लँकेटचं एक टोक त्यांनी तिच्या पायांवर टाकलं आणि मला म्हणाले, "तोवर चहा तरी आण. आणि आल्यावर खिडकीच्या मध्ये उभी राहू नकोस."