बारागाड्यांपुढची रेती

बायकांच्या राखीव जागेवर मी ग्रामपंचायतीत निवडून आले, तेव्हा मी सही करावी, चहा प्यावा आणि घरी जावं एवढीच सगळ्यांची अपेक्षा होती. चहा मी प्यायचेच. पण गप्प बसणं माझ्या माहेरीच कुणाला जमत नव्हतं, मला कुठून जमणार?

नरडाण्याजवळच्या आमच्या गावात चैत्रात खंडेरायाची जत्रा भरते. तेव्हा बारागाड्या ओढतात. बारा बैलगाड्या एकामागे एक साखळीनं बांधायच्या, बैल सोडून द्यायचे, गाड्यांवर माणसांनी खच्चून बसायचं आणि हळदीनं माखलेल्या भगतानं कमरेचा आकडा पहिल्या गाडीला अडकवून त्या देवळापर्यंत ओढायच्या. भगत म्हणजे माझे सासरे, सगळ्या गावाचे आबा. त्यांना दोन्ही बगलांत धरून पळणारे दोघे ते बगले. त्यातला एक माझा नवरा.

खरं भय असतं शेवटी. उतारावर गाड्यांना वेग येतो, त्या मनासारख्या थांबत नाहीत. पळता पळता आकडा काढायचा आणि भगताला बाजूला खेचायचं हे बगल्यांचं काम. भगत सुटतो, बगल्याचे पाय मात्र चाकापुढंच राहतात. मी सांगतेय त्या जत्रेच्या आदल्या वर्षी दुसऱ्या बगल्याचं पाऊल चाकाखाली गेलं. तो पुन्हा काठीशिवाय चालला नाही. गाव म्हणालं, त्यानं जत्रेआधीचा उपास नीट पाळला नसेल. माझं डोकंच फिरलं. उपास माझ्या नवऱ्यानं तरी कुठं पाळला होता? गरम भजी दिसली की त्यांना वार आठवत नसे.

पुढच्या बैठकीत मी म्हटलं, जत्रेसाठी सरकारी पैसा मागू. ग्रामसेवक भाऊसाहेब म्हणाले, देवाधर्माला सरकार पैसे देत नाही. मी त्यांना तसंच तालुक्याला घेऊन गेले. तिथले साहेब शांत माणूस. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "देवाला देता येत नाही, बाई. पण माणसांच्या जिवाला देता येतं." वाटेच्या दोन्ही बाजूंना बांबूचं कुंपण, गाड्या थांबतात तिथं चाकं रुतावीत म्हणून रेती, आणि पिण्याच्या पाण्याचा टँकर, एवढं त्यांनी मंजूर केलं. अट एकच घातली, काही वाया जाता कामा नये. बांबू दरवर्षी तेच वापरायचे आणि जत्रा झाली की रेती शाळेच्या आवारात पसरायची. संसार करणाऱ्या बाईला ही अट कसली? शिळ्या भाकरीचा कुस्करा आम्ही काय सरकारला विचारून करतो?

घरात मात्र वारं उलटं वाहत होतं. सासऱ्यांशी समोरासमोर बोलायची रीत नव्हती, म्हणून ते ओट्यावर बसले की मी गोठ्यातल्या बैलाला रेतीचे फायदे सांगायचे. आबाही बैलालाच उत्तर द्यायचे. "गाड्या देव वढस. देवले रेती कसाले?" नवरा हसायचा. "बांबू बांधीसन जत्रा करतस का कोनी? लोके हसतीन." मी म्हटलं, हसू देत, हसून कुणाचा पाय मोडत नाही.

एक ट्रॉली रेती ठरली होती. मी दोन टाकायला लावल्या, दुसरी पहिलीच्या अलीकडे, सगळ्यांदेखत. मला माझ्या माणसाचे पाय हवे होते.

जत्रेच्या दिवशी फुगेवाल्यानं पहिल्याच बांबूला फुगे टांगले, पोरं कुंपणावर कावळ्यांसारखी बसली, पण वाट मोकळी राहिली. गाड्या सुटल्या. आबांची हळद उन्हात चमकली, येळकोट येळकोट झालं, धुळीतून गाड्या धाडधाड उतारावर आल्या, रेतीत शिरल्या आणि थांबल्या. देवळाच्या बऱ्याच अलीकडे.

गाड्या देवळापर्यंत पोचल्या नाहीत तर साल वाईट जातं आणि भगतावरचा देव रुसला असं मानतात. मागून कुणीतरी म्हणालं, "बाईमानूसना हातमा कारभार दिधा का आसंच व्हस." नवरा वाचला होता, पण आबांची सगळ्या जन्माची अब्रू मी रेतीत घातली होती. त्यांनी नुसतं बोट माझ्याकडे केलं असतं तरी मला त्या गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती.

आबांनी अर्ध्यापर्यंत रुतलेलं चाक पाहिलं. चाकापुढं धापा टाकत उभा असलेला मुलगा पाहिला. मग हात पुढं केला.

"नारय आना. आठेच फोडा."

"आबा, देऊळ तर तठे शे," एक जण म्हणाला.

"देवले जठे थांबनं व्हतं, तठे तो थांबना. तू काय त्याले वाट दखाडस?"

नारळ फुटला. आधी एकजण, मग सगळं गाव येळकोट म्हणून ओरडलं. मी पदराआड पोटभर रडले, आणि ते रडणं सुखाचं होतं.

पुढच्या वर्षी रेती आली तेव्हा आबा स्वतः पाटी घेऊन हजर. नारळ फुटला होता तिथं त्यांनी अंगठ्यानं रेघ ओढली आणि मला सांगितलं, "आठलोंग टाक. कमी नको करू." मी मान हलवली. त्यांनी पाटी रिकामी केली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "दर साल गाड्या मी वढू, पन मना जीव पोऱ्याना पायमा राहे. कोनले सांगतू?"

मी त्यांच्या हातातली पाटी घेतली आणि भरायला लागले.