बोडीवाली, टेकडीवाली, डोंगरवाली

मूल गावच्या आमच्या भटक्या ग्रुपमधलं कोणी चहाला भेटलं की पहिला घोट घशाखाली जायच्या आत किस्सा सुरू होतो. तो संपायच्या आत दुसऱ्याला तिसराच आठवतो! मोबाइल बदलला की फोटो जातात, किस्से मात्र हटत नाहीत, उलट दर रविवारी वाढतात. माझं औषधांचं दुकान आहे, म्हणून सगळे मला 'मेडिकलभाऊ' म्हणतात. सोमवारी सकाळी गुडघ्याला लावायचं मलम न्यायला जो येतो, तो एक किस्सा देऊनच जातो.

ग्रुप चालवतात मंगलाबाई. शाळेत खेळ शिकवून रिटायर झाल्या, पण शिट्टी अजून गळ्यात! त्यांनी आमच्या फिरण्याचे तीन प्रकार पाडलेत. तळ्याच्या पाळीवरून सपाट चालायचं ती 'बोडीवाली', कारण लहान तळ्याला आमच्याकडे बोडी म्हणतात. झुडपांतून थोडं चढायचं ती 'टेकडीवाली'. आणि वनखात्याची परवानगी काढून, वनरक्षक सोबत घेऊन, दिवसभर जंगलातून चढायचं ती 'डोंगरवाली'. आपल्याला काय झेपतं ते ज्याचं त्याने ओळखायचं आणि निवडायचं.

इथेच तर सगळी मजा होते!

*

प्रफुल्ल आमच्याकडे आला तेव्हा त्याचे दंड टी-शर्टात मावत नव्हते. मंगलाबाईंनी विचारलं, "रोज काही चालना-बिलना होते का?"

"बाई, मी जिममध्ये शंभर किलो उचलतो!"

"पोरा, आपल्याले डोंगर चढाचा आहे, उचलाचा नाई!"

पण गडी थेट डोंगरवालीला आला. चढला झकास. उतरताना मात्र मांड्या शिलाई मशीनसारख्या थडथडायला लागल्या. उभं राहवेना, म्हणून बसून घसरत, घसरत, घसरत खाली आला. पायथ्याशी पोचला तेव्हा भारीतल्या ट्रॅकपँटची मागची बाजू डोंगरावरच राहिली होती.

पुढच्या रविवारी हा बोडीवालीला हजर! मी म्हटलं, "काऊन रे, तू इथी?"

"भाऊ, पँट आता एकच उरली!"

*

वामनभाऊ तसे सुज्ञ माणूस. सरकारी नोकरीतून निवृत्त, बोडीवालीत खूश. पण एकदा त्यांचे व्याही पाहुणे आले आणि म्हणाले, "आम्ही टेकडीवालीले जातो." आता व्याही टेकडीला जातो म्हटल्यावर मुलाचा बाप बोडीला कसा जाणार?

दोघं निघाले. दोघांचाही भाता फुललेला, पण 'थांबा' म्हणायला कोणीच तयार नाही. मग दोघांनाही अचानक झाडांची आवड निर्माण झाली.

"हा येन आहे का जी?" वामनभाऊ बुंध्याला हात टेकून विचारायचे.

"नाई जी, हा मोह असन," व्याही दुसऱ्या बाजूने टेकून सांगायचे.

दर दहा पावलांवर एक झाड! शेवटी मंगलाबाई वैतागल्या. "झाडं पाहून झाले असन तं चला आता."

वामनभाऊ म्हणाले, "थांबा बाई, याची साल पाह्याची राह्यली!"

*

दिलीप आणि शालू हे नवरा-बायको. दिलीप ऑफिसात क्लार्क, शालू घरची धानशेती बघते. दिलीपचा हट्ट, की डोंगरवालीच करायची, तीही जोडीने. "आठवडाभर खुर्चीवर बसून अंग आखडून गेलं. घाम निघाला पायजे!"

दिवस रोवणीचे होते. शालू आठवडाभर चिखलात वाकून धान लावत होती. ती पिशवी घेऊन सरळ बोडीवालीच्या रांगेत येऊन उभी.

दिलीप चिडला. "अवं, तुह्यात एवढी ताकद, अन् तू बोडीले?"

"घामच गाळाचा असन तं तू चाल माह्या वावरात. डोंगराएवढा चिखल आहे!"

दिलीप एकटाच डोंगरवालीला गेला. पुढच्या शनिवारी मात्र तो रोवणीला गेला होता. रविवारी दोघं बोडीवालीत होते आणि दिलीप सगळ्यांत मागे, कंबर धरून!

*

यानंतर मंगलाबाईंनी एक साधी परीक्षा काढली. चढताना गप्पा मारता आल्या तर समजायचं की चढण आपल्याला झेपते. दम तुटून बोलणं बंद पडलं तर पुढच्या वेळी खालचा प्रकार घ्यायचा.

या परीक्षेत नंदूभाऊ पहिले आले. नंदूभाऊ विम्याचे एजंट. टेकडीच्या पायथ्याशी सुरू झाले ते माथ्यावर पोचेपर्यंत थांबले नाहीत. वाटेत भेटलेल्या वनरक्षकालासुद्धा अर्धी पॉलिसी समजावून झाली! बाईंनी खुशीने त्यांना डोंगरवालीला घेतलं.

डोंगरावर अर्ध्या वाटेत मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. पाखरांचे आवाज ऐकू येत होते. वाऱ्याचा आवाज येत होता. मागून प्रफुल्ल किंचाळला, "बाई! नंदूभाऊ बोलून नाई राह्यले!"

सगळा ग्रुप धावला. एकाने पाणी दिलं, एकाने टोपीने वारा घातला, मी मीठ-साखर घालून पाजलं. मंगलाबाई त्यांच्यासमोर बसून काळजीने म्हणत होत्या, "भाऊ, काही तं बोला!"

नंदूभाऊंनी डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "मेडिकलभाऊ, तुम्ही अजून मेडिक्लेम नाई काढला!"

वनरक्षक म्हणाला, "चला जी, बरे झाले!"

*

अहेरीकडच्या जंगलात एकदा टेकडीवाली ठेवली होती, दाट जंगल म्हणून वनरक्षकही सोबत. वामनभाऊ नेहमीप्रमाणे शेपटाला. "तुम्ही व्हा पुढे, मले दम लागला," असं म्हणत येत होते. तेवढ्यात वनरक्षक थांबला आणि त्याने ओल्या मातीकडे बोट दाखवलं. वाघाचे पंजे, ताजे!

"कोनी मागे राहू नका. एकमेकाले धरून चला."

आणि चाल अशी वाढली की काय सांगू! थोड्या वेळाने उघड्या माळावर आलो, बघतो तर वामनभाऊ सगळ्यांच्या पुढे, वनरक्षकाच्या खांद्याला खांदा लावून!

मी विचारलं, "भाऊ, दम लागला होता ना तुम्हाले?"

"तो मागे राह्यला!"

*

आता पार्बताबाईंचं सांगतो.

आमच्या डोंगरवालीच्या पायथ्याशी एक मोठा तलाव आहे. आम्ही गाड्या त्याच्या पाळीवर लावतो. पार्बताबाई आणि त्यांचे यजमान सीतारामभाऊ त्या तलावात मासे धरतात. एका लाकडातून कोरलेली चिंचोळी होडी, म्हणजे डोंगा, त्यात दोघं आणि जाळी. एका सकाळी आम्ही निघण्याच्या तयारीत असताना पार्बताबाई ओल्या लुगड्याने पाळीवर चढून आल्या आणि मंगलाबाईंसमोर उभ्या राहिल्या.

"बाई, मले बी नेता का वर? लग्न होऊन आली तवापासून डोंगर पाहून राह्यली. तिथून आमचा तलाव कसा दिसते, तेवढं पाह्याचं आहे."

डोंग्यातून सीतारामभाऊ ओरडले, "हिले डोंगा चालवता येते जी, डोंगर नाई!"

मंगलाबाई म्हणाल्या, "आधी बोडीवालीले या."

"पाळीवरून तं माह्यं रोजचंच चालनं आहे!"

"मग रोजच्यापेक्षा जास्त चाला."

आणि बाई खरंच यायला लागल्या. सारा हिवाळा आल्या. गुडघे पाण्यात उभं राहून राहून दुखरे झालेले. पहिल्या टेकडीवालीत अर्ध्यावर थांबल्या, म्हणाल्या, "आज एवढंच," आणि हसत खाली उतरल्या. पुढच्या वेळी थोडं वर. त्याच्या पुढच्या वेळी माथा!

मग डोंगरवाली आली. पार्बताबाई संथ लयीत, गप्पा मारत चढत होत्या. माथ्याचा कातळ समोर दिसायला लागला. आणि माझा पाय सटकला! घोटा बघता बघता सुजला.

मंगलाबाईंनी शिट्टी वाजवली. "सगळे खाली. जंगलात ग्रुप तोडाचा नाई."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, "मी बसतो इथेच, पार्बताबाईंना तेवढं वर नेऊन आणा!" वनरक्षकाने मान हलवली. अस्वलांचा भाग, जखमी माणसाला एकटं कसं सोडणार? सगळे पार्बताबाईंकडे बघायला लागले.

त्यांनी कातळाकडे एकदाच बघितलं. पदर कमरेला खोचला आणि माझा हात उचलून स्वतःच्या खांद्यावर घेतला.

"चला भाऊ. डोंगर काही मासोळी नाई, सटकून जायाले!"

उन्हाळा तापायच्या आधी आम्ही पुन्हा गेलो. माझा पाय बरा, सगळा ग्रुप हजर, बोडीवालेसुद्धा पाळीपर्यंत सोडायला आले! सीतारामभाऊ उजाडायच्या आधीच जाळी काढायला गेले होते. या वेळी कातळाजवळ मंगलाबाई बाजूला झाल्या. पार्बताबाई हातापायांनी रेटत, सगळ्यांच्या आधी, एकट्या वर गेल्या.

आम्ही पोचलो तेव्हा त्या वाऱ्यात उभ्या होत्या. खाली तलाव तळहाताएवढा दिसत होता, आणि त्याच्यावर एक काळा ठिपका. डोंगा!

त्यांनी फोन लावला. वाऱ्यात ऐकू येईना, म्हणून मी स्पीकर चालू करून दिला.

"कुठी आहेस?" सीतारामभाऊंचा आवाज.

"वर! डोंगरावर! मान वर करा ना जी! मी हात हालवून राह्यली. दिसून राह्यली का?"

त्या ठिपक्यात माणूस बसलाय की नाही, तेसुद्धा आम्हाला ओळखू येत नव्हतं. फोनमध्ये वल्हं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग भाऊ एकदम ओरडले, "दिसली! दिसली ना वं! हिरवं लुगडं!"

पार्बताबाईंनी आपल्या जांभळ्या लुगड्याकडे बघितलं.

"हो जी," त्या फोनमध्ये म्हणाल्या, "हिरवंच!"

आणि फोन माझ्या हातात देऊन त्या दोन्ही हात हलवायला लागल्या.